बोरसे मास्तरांची फळी

बोरसे मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलाखाली होते. धुळ्याच्या हायस्कुलात मी भूगोलाचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. जळगावहून आणलेली वळकटी अजून धर्मशाळेतच पडली होती. हेडमास्तरांनी मला शिक्षकांच्या खोलीच्या दारात सोडलं आणि ते गेले. खोलीत कोणी दिसेना. टेबलाखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले होते.

"कोण आलंय ते असू द्या," आतून आवाज आला, "आधी त्या कोपऱ्यावर हात दाबा."

मी दाबला. टेबल डुगडुगलं.

"आता समोरच्या."

तिकडूनही डुगडुगलं. मग ते बाहेर आले, कोट झटकला, टोपी घातली. माझं नावगाव विचारलं नाही. म्हणाले, "टेबलाचा पाय आखूड नाही. जमीन वाकडी शे. आणि ही मंडळी इतकी वर्षं पायाखाली कागद कोंबताहेत."

ते आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. पूर्ण नाव भिकाजी नथू बोरसे. गाव दोंडाईच्याच्या अलीकडचं एक खेडं. बायको तिथं राहून शेती बघायची, मास्तर धुळ्यात एकटे राहत आणि शनिवारी शाळा सुटली की गावी जात. मुंबईला राहून त्यांनी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. बोलणं शाळेत बोलतात तसं शुद्ध असे, पण मन कशात गुंतलं किंवा राग आला की अहिराणी मध्येच डोकं काढी. त्यांच्या बोलण्यात 'आहे'चं 'शे' झालं की समोरच्यानं सावध व्हावं, असं आम्ही शिक्षक आपसांत म्हणायचो.

उंच, हाडकुळा माणूस. चालताना मान किंचित पुढं. कोटाच्या खिशात घडीची फूटपट्टी. कुठलीही नवी वस्तू दिसली की ते ती आधी बोटानं एका बाजूला दाबून बघत. खुर्ची, तराजू, बैलगाडीचं जू, देवळातली घंटा, काहीही. हलली तर कुठून हलते, नाही हलली तर कशानं अडली. चित्रकलेच्या मास्तरानं पानाफुलांत रमावं अशी लोकांची अपेक्षा. मास्तरांना फुलांत गोडी नव्हती. चेहऱ्यांत तर मुळीच नव्हती.

गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं एकदा त्यांना आपल्या दिवंगत वडिलांचं चित्र काढायला सांगितलं. फोटो नव्हता. मुलानं नाक असं, डोळे तसे, असं पुष्कळ सांगितलं. महिनाभरानं मास्तरांनी चित्र नेऊन दिलं. खुर्ची हुबेहूब, काठीच्या मुठीवरची चांदी हुबेहूब, पगडीची घडी न घडी मोजून घ्यावी अशी. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद.

"आणि चेहरा?" व्यापारी म्हणाला.

"तुमचे वडील मी पाहिले नाहीत," मास्तर म्हणाले. "पगडी पाहिली. ती तुमच्या खुंटीवर शे."

हे त्यांनी चेष्टेनं केलं नव्हतं. न पाहिलेलं काढायचं म्हणजे लबाडी, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. व्यापाऱ्यानं चित्र परत पाठवलं. मास्तरांनी ते खोलीच्या भिंतीला लावलं.

वर्गात मात्र त्यांचा तास मुलांना आवडे. ते मुलांना चौकोनात उभं करत आणि एकमेकांचे हात धरायला लावत. एका मुलानं जागेवर घट्ट उभं राहायचं, दुसऱ्यानं गोल फिरायचं, मग तिसऱ्याचं काय होतं ते बघायचं. तिसरा बिचारा पुढं-मागं, पुढं-मागं हेलकावे खाई. मुलं हसून लोळत. "हसा," मास्तर म्हणत, "पण बघा. फिरणारा फिरतोच शे, आणि हा पुढं-मागं होतो. फिरण्याचं डुलणं झालं. का झालं?" पाहणी करायला आलेल्या एका साहेबानं हा तास पाहून विचारलं की याला ड्रॉइंग म्हणायचं का. मास्तर म्हणाले, "आधी कळू द्या, मग काढतील." शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते आम्हांला हेडमास्तरांच्या तोंडावरूनच समजलं.

या फिरण्याचं डुलणं करण्याच्या नादात त्यांनी स्नेहसंमेलनात आमची फजितीही केली. त्या वर्षी मुलं रामायणातला गंगा ओलांडण्याचा प्रवेश करणार होती. नाव पाण्यावर डुलली पाहिजे, असं मास्तरांनी ठरवलं. एका दूधवाल्याच्या गोठ्यातून कडबा कापायच्या मोडक्या यंत्राचं जड लोखंडी चाक मागून आणलं. लाकडी फळीवर नाव उभी केली, फळी मधोमध आडव्या पहारेवर टेकवली. चाकाच्या कडेला एक खिळा, खिळ्यापासून फळीच्या टोकापर्यंत एक दांडी. पडद्यामागं चाक फिरवलं की नाव डुलायची.

डुलली. फारच डुलली. पहिल्या फेऱ्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या-पाचव्याला रामाचा मुकुट पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या पायाशी पडला. सीता झालेल्या मुलाचा चेहरा पांढरा पडला, आणि गंगेच्या मध्यावर त्यानं लक्ष्मणाच्या अंगावर ओकारी केली. पडदा पाडावा लागला. हेडमास्तर पडद्यामागं धावले तर मास्तर चाकापाशी उकिडवे बसून खिळ्याकडं बघत होते.

"खिळा मध्याजवळ घ्यायला पाहिजे होता," ते म्हणाले. "कडेला घेतला तिथं चुकलं. जेवढा खिळा मध्यापासून लांब, तेवढी नाव जास्त झुकते."

हेडमास्तर त्या वेळी काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नाव मोडून टाकली गेली. चाक शाळेच्या अडगळीत पडलं, आणि पुढं वर्षभर मास्तर रस्त्यानं चालले की कोणीतरी मुद्दाम पोटावर हात धरून ओकल्यासारखं करी. मास्तरांना त्याचं काही वाटलं नसावं. ते त्यालाही थांबवून खिळ्याचं सांगत.

आम्ही दोघं जेवायला अक्कांकडं असू. अक्का म्हणजे शाळेमागच्या गल्लीत खानावळ चालवणारी विधवा बाई. मूळची चाळीसगावकडची. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, कधी शेवेची भाजी. जेवणारे आम्ही मास्तर लोक आणि कचेरीतले दोघं-तिघं कारकून. तिला एकच मुलगी, सुमन, नऊ-दहा वर्षांची. वाढायला पुढं-पुढं करायची आणि मास्तरांना मुद्दाम दोनदा मीठ वाढायची, कारण मास्तर ताटातल्या मिठाची ढिगुळी बोटानं एका बाजूला ढकलून ती कुठं कोसळते ते बघत असत. अक्कांचं आणि मास्तरांचं फारसं सूत नव्हतं. चुलीचा धूर बाहेर काढायला म्हणून त्यांनी एकदा न विचारता भिंतीला भोक पाडलं होतं. धूर गेला नाही, मांजर मात्र येऊ लागलं.

त्या वर्षी थंडीत गावात घटसर्पाची साथ आली. सुमनचा घसा धरला. डॉक्टर गद्रे नावाचे एक शांत स्वभावाचे डॉक्टर आमच्या भागात होते. त्यांनी लस टोचली, घशातला पडदा गेला, ताप उतरला. अक्कांनी देवापुढं नारळ फोडला. पण दोन-तीन आठवड्यांनी पोरगी नाकात बोलू लागली. पाणी प्यायली की नाकातून बाहेर येई. मग पाय लुळे पडले. आणि एके सकाळी आम्ही जेवायला गेलो तर चूल पेटलेली नव्हती, आणि आतल्या खोलीत डॉक्टर सुमनच्या उशाशी बसले होते.

श्वास अगदी वरच्या वर चालला होता. ओठ निळसर दिसत होते. डॉक्टर आम्हांला बाहेर घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "या रोगाचं विष नसांवर उतरतं. आता श्वासाचे स्नायू दमलेत. ते पुढं आपोआप बरे होतात. पण तोवर तिनं श्वास घेतला पाहिजे, आणि तो तिच्यानं होत नाही."

"मग?" मी विचारलं.

डॉक्टरांनी विलायतेतल्या एका डॉक्टरांचा प्रयोग वाचला होता. रोग्याला फळीवर बांधून निजवायचं आणि फळी मधोमध टेकवून खाली-वर करायची. डोकं खाली गेलं की पोटातलं सगळं छातीकडं सरकतं, श्वास बाहेर पडतो. पाय खाली गेले की पोट उतरतं, छातीत हवा शिरते. "पण हे थांबता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "दिवस आणि रात्र."

आम्ही एका बाकावर फळी आडवी टाकली, पोरीला चादरीनं बांधलं आणि दोन्ही टोकांना दोघं-दोघं उभे राहून फळी खाली-वर करू लागलो. ओठांचा रंग खरंच पालटला. पण तासाभरातच आमचे खांदे भरून आले. एक टोक जोरात खाली जाई, दुसरं उशिरा उठे, मधेच फळी बाकावरून सरके. दर हिसक्याला सुमनचे डोळे विस्फारत. तिला ओरडताही येत नव्हतं.

या सगळ्या वेळात बोरसे मास्तर दाराशी उभे राहून नुसते बघत होते. एकदाही हात लावला नाही. मग एकाएकी निघून गेले. कचेरीतला एक कारकून म्हणाला, "यांना बघवत नसेल." मलाही तसंच वाटलं.

ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर हातगाडी होती, आणि हातगाडीवर अडगळीतलं ते लोखंडी चाक. आल्या-आल्या त्यांनी अक्कांच्या स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं. यावेळीही विचारलं नाही.

पुढचं काम मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो. दाराच्या बरोबर मध्याखाली त्यांनी आडवी पहार बसवली आणि पहारेची दोन्ही टोकं सुताराच्या दोन लाकडी घोड्यांच्या खाचांत टेकवली. खाचांत तेलात भिजवलेलं चामडं घातलं. पायाकडच्या टोकाशी तिसऱ्या घोड्यावर चाक उभं केलं. चाकाच्या आऱ्यावर लोखंडी पट्टी ठोकली. पट्टीला मध्यापासून बाहेरपर्यंत ओळीनं भोकं होती. भोकात खिळा, खिळ्याला सागवानी दांडी, दांडीचं वरचं टोक दाराच्या खालच्या अंगाला. नावेचंच यंत्र, फक्त खिळा आता मध्याजवळ होता.

"डॉक्टर, किती झुकायला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी हातानं दाखवलं. मास्तरांनी खिळा एका भोकातून काढून दुसऱ्यात घातला. चाक फिरवलं. रिकामं दार खाली-वर झालं, आवाज न करता. आणखी एक भोक आत. डॉक्टर म्हणाले, "हं. एवढंच."

सुमनला अलगद दारावर घेतलं. मास्तरांनी तिला थोडी वर, थोडी खाली सरकवून तिचा भार बरोबर पहारेवर आणला आणि मला म्हणाले, "चौधरी, एका बोटानं फिरवा." मी फिरवलं. खरोखर एका बोटानं फिरत होतं. जड चाक एकदा चालू झालं की आपल्या वजनानं चालत राही, हिसका म्हणून कुठं बसत नसे. सुमननं डोळे मिटले. मला वाटलं घात झाला. डॉक्टर म्हणाले, "झोपली."

काम झालं असं आम्ही समजलो. मास्तर समजले नाहीत. ते उठून शेजारच्या घरात गेले. तिथं ओसरीवर एक तान्हं मूल निजलं होतं. त्याच्याजवळ जाऊन बसले आणि त्याच्या पोटाकडं टक लावून बघत राहिले. मुलाची आई घाबरली. परत आल्यावर म्हणाले, "श्वास घ्यायला वेळ कमी लागतो, सोडायला जास्त. आपली फळी दोन्हीला सारखाच वेळ देते."

"चालेल ते," डॉक्टर म्हणाले.

"चालेल हो. पण बरोबर का नको करायला?"

त्यांनी चाकाचा घोडा हातभर बाहेर सरकवला. दांडी आता सरळ न राहता तिरकी झाली. चाक तेवढ्याच संथपणे फिरत होतं, पण डोकं खाली जायला वेळ जास्त लागू लागला आणि वर यायला कमी. डॉक्टर बराच वेळ सुमनच्या छातीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही चांगलं केलंत." मास्तरांनी खिशातून खडू काढून चाकावर एक मोठा बाण काढला. उलटं फिरवलं तर हिशेब उलटा होईल, म्हणून.

गल्ली कामाला लागली. कचेरीतले कारकून, आम्ही मास्तर, समोरचा शिंपी, सगळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या. पुरुष मंडळी थोड्या वेळानं कंटाळत, बोलण्यात रमत, आणि चाक जोरात फिरू लागे. मग मास्तर अंगावर येत: "काय करी ऱ्हायना तू? पोर शे ती, ऊस नही!" सगळ्यांत चांगलं चाक फिरवलं ते गल्लीतल्या बायकांनी. दळणाची सवय त्यांच्या हाताला होती. दोघी समोरासमोर बसत, हळू आवाजात ओव्या म्हणत, आणि चाक पहाटेपर्यंत एका चालीनं फिरे. मास्तरांनी हे पाहिलं आणि रात्रीच्या पाळ्या बायकांकडं दिल्या.

डॉक्टरांचा कंपाउंडर रबरी नळीतून दूध घाली. स्वयंपाकघराला दार नसल्यानं कुत्री आत येत. खानावळ बंद होती. गल्लीतल्या घरांतून आम्हांला भाकरी येई, आणि अक्कांनाही. मास्तर शनिवारी गावी गेले नाहीत, पुढच्याही शनिवारी नाही. शाळा सुटली की येऊन घोड्याशेजारी बसत, खाचेत तेल सोडत. सुमनशी बोलल्याचं मला आठवत नाही. बोलायचं काय ते त्यांना सुचत नसावं.

एका दुपारी डॉक्टरांनी चाक थांबवायला सांगितलं. बाईनं हात काढला. फळी सपाट झाली. सुमनची छाती हलली. थांबली. परत हलली. अक्कांनी पदर तोंडात धरला होता. डॉक्टर किती तरी वेळ नुसते बघत होते, मग म्हणाले, "घेतेय. आपली आपण घेतेय." सगळीकडं एकच गलका झाला. मास्तर तेवढ्यात वाकून दांडीच्या टोकाचं भोक बघत होते. "झिजलंय," ते म्हणाले. "दोन दिवस अजून चाललं असतं तर तुटलं असतं." अक्का त्यांच्या पाया पडायला गेल्या तर ते दचकून मागं सरले आणि घोड्याला अडखळून पडले.

सुमन उन्हाळ्यापर्यंत भिंत धरून चालू लागली. नाकातलं बोलणंही गेलं. तिची गोष्ट इथं संपते. मास्तरांची संपली नाही.

लोक त्या यंत्राला मास्तरांचा पाळणा म्हणू लागले. मास्तरांना ते नाव पसंत नव्हतं. "पाळणा लटकतो. ही टेकते," ते प्रत्येकाला समजावत. दार त्यांनी अक्कांना परत दिलं नाही. नवं करून दिलं. जुन्याच्या पहारेला चामड्याऐवजी पितळी बुशं बसवली, दांडी लोखंडाची केली, चाकाला लाकडी मूठ केली, आणि सगळं डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेऊन मांडलं. पुढच्या थंडीची ते वाट बघत होते, असं म्हटलं तर वाईट दिसेल. पण आता ते जरा ताठ चालत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात याचा नकाशा पाठवावा, असंही मला दोनदा म्हणाले. पूर्वी असं कधी काही पाठवायची भाषा त्यांच्या तोंडी नव्हती.

पुढच्या थंडीत साक्रीपलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. नाव बुधीबाई. नवरा मजुरीसाठी कुठं लांब गेलेला होता. दिराच्या बैलगाडीतून ती साक्रीपर्यंत आणि तिथून मोटारीनं धुळ्याला आली होती. तिकडच्या बाजारात तिनं धुळ्याच्या मास्तरांचं ऐकलं होतं. मुलगा सात-आठ वर्षांचा, घटसर्प होऊन गेलेला, श्वास सुमनसारखाच वरच्या वर.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, आणि मास्तरांना बाजूला घेतलं. मी तिथं होतो.

"याचं हृदय धरलंय," डॉक्टर म्हणाले. "श्वास फळीनं देता येईल. हृदयाला फळी काही करू शकत नाही. बाईला फार आशा देऊ नका."

"श्वास मी देतो," मास्तर म्हणाले. "बाकीचं तुम्ही बघा."

मुलाला फळीवर घेतलं. चाक फिरू लागलं. ओठांचा रंग पालटला. बुधीबाई फळीच्या कडेशी बसली आणि छाती वर आली की हसायची, खाली गेली की वाट बघायची. मास्तर दुसऱ्या कोणाच्या हाती चाक देईनात. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी गेलो तेव्हाही तेच फिरवत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "मी बसतो थोडं." त्यांनी मान हलवली.

डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडून आले. फळीजवळ उभे राहिले. मुलाचं मनगट धरलं, मग मानेवर बोटं ठेवली, मग पापणी उचलली. फळी खाली-वर होत होती. छाती फुगत होती, उतरत होती. तोंडातून श्वासाचा आवाज येत होता, पहिल्यासारखाच.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "पुरे."

मास्तरांनी ऐकलं नाही असं वाटलं. चाक फिरतच होतं.

"मास्तर. मूल गेलं. बराच वेळ झाला असावा."

चाक हळू झालं. बुधीबाईला मराठी फारसं कळत नव्हतं, पण चाक मंदावलेलं कळलं. तिनं मास्तरांचा हात धरला. "नका थांबाडू ना, मास्तर. दम ली ऱ्हायना ना तो. देखा ना."

मास्तरांनी पाहिलं. छाती वर आली होती. त्यांनी चाक पुन्हा फिरवलं. एक फेरा, आणखी एक. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं होऊन चाकाच्या आऱ्यांत हात घातला आणि ते धरलं. फळी थांबली, डोक्याकडची बाजू खाली. मुलाच्या तोंडातून राहिलेली हवा बाहेर आली आणि मग काहीच आलं नाही. तेव्हा ती बाई ओरडली.

मुलाला तिच्या पाड्यावर पोचवायला मास्तर स्वतः गेले. चार दिवस शाळेत आले नाहीत. आले तेव्हा वर्गात नेहमीसारखं शिकवलं. संध्याकाळी पांझरेच्या काठानं आम्ही फिरायला गेलो. ते म्हणाले, "चौधरी, डॉक्टर म्हणतात त्याचं हृदय आधीच गेलं होतं. खरं असेल. पण ती कधीपासून मेलेल्या पोराशी बोलत होती, कोणास ठाऊक. माझ्यामुळं. तो जिता शे असं मी तिला दाखवत होतो."

"तुम्ही मुद्दाम दाखवलं नाहीत," मी म्हणालो.

"मुद्दाम नाही," ते म्हणाले. "मग काय झालं?"

त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

फळी दवाखान्यातच राहिली. डॉक्टरांनी ती पुढं एक-दोनदा वापरली. फिरवायला कंपाउंडर असे. मुंबईला नकाशा गेला नाही. मास्तरांचा धाकटा भाऊ एकदा गावाहून विचारत आला, की दादा शनिवारी घरी का येत नाहीत, वहिनी वाट बघतात. आम्हांला वाटत होतं ते गावीच जातात. विचारलं तर मास्तर म्हणाले, "जरा काम असतं." कसलं, ते सांगितलं नाही. कोणी पुन्हा विचारलंही नाही. त्यांना दोनदा विचारायची सोय नव्हती.

मग माझी बदली चाळीसगावला झाली. लढाई सुरू झाली, कागद महागला, मुलं कमी झाली, मुलं वाढली. मास्तर निवृत्त झाल्याचं कोणाकडून तरी समजलं.

लढाई संपल्यावर मी परीक्षेच्या कामासाठी साक्रीला गेलो. तो शनिवार, आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. दुपारच्या मोटारीला वेळ होता म्हणून बाजारातून हिंडत होतो. डोंगरातून आलेली मंडळी आपापला माल पुढं मांडून बसली होती: चारोळी, मोहाची फुलं, डिंक, मध. एका बाभळीखाली बोरसे मास्तर बसलेले दिसले. केस पांढरे झालेले, कोट नाही, डोक्याला साधं उपरणं. त्यांच्या शेजारी चारोळीचा छोटासा ढीग, आणि ढिगापलीकडं एक बाई. पहिल्यांदा मी ओळखली नाही. मग ओळखली. बुधीबाई होती. तीही म्हातारी दिसू लागली होती.

जवळच्या दुकानदाराला मी विचारलं, "हे मास्तर इथलेच का?"

"नही, भाऊ," तो म्हणाला. "पण येतस. दर बाजारले येतस, किती वरीस व्हई गयात. त्या माय जोडे बसतस. बोलतस काहीच नही."

"तिचे कोण लागतात?"

"काय माहीत. कोणी विचारत नही."

मी दुकानाच्या सावलीत उभा राहिलो. हाक मारावीशी वाटली, मारली नाही. दोघं बोलत नव्हते हे खरंच होतं. गिऱ्हाईक आलं की बाई माप भरून देई, मास्तर पिशवीचं तोंड धरत. मग तिनं फडक्यातून नागलीची भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली. एकमेकांकडं न बघता दोघं सावकाश जेवले.

उन्हं उतरू लागली तशी बाई उठली. उरलेली चारोळी टोपलीत भरली. मास्तरांनी दोन्ही हातांनी टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, नीट बसली का ते पाहिलं, आणि हात काढले. ती पश्चिमेच्या वाटेला लागली. मास्तर थोडं अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागले. माझी मोटार उलट दिशेला जाणार होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून मी निघालो.